गो-कार्टचं स्टिअरिंग मागच्या एक्सलपासून सुरू होतं

माझ्या पहिल्या गो-कार्टचं, म्हणजे घरी बनवलेल्या छोट्या उघड्या गाडीचं, स्टिअरिंग उलटं झालं होतं. उलटं म्हणजे अक्षरशः उलटं, व्हील डावीकडे फिरवलं की कार्ट उजवीकडे. फ्रेम वेल्ड झालेली, रंग मारून वाळलेला, धाकटा भाऊ ऐटीत सीटवर बसलेला आणि मी मागून ढकलतोय, आणि कार्ट सरळ भिंतीकडे निघाली. मी ओरडतोय "अरे डावीकडे घे, डावीकडे", आणि तो बिचारा डावीकडेच घेत होता. इंजिन बसवायच्या आधी ढकलून बघायचं सुचलं, तेवढीच काय ती त्या दिवशीची अक्कल.

चूक काय होती ते पुढे सांगतो, पण तिचं मूळ असं की आम्ही सगळ्यांसारखंच केलं होतं. आधी इंजिन शोधलं, मग चाकं, मग फ्रेम, आणि फ्रेम उभी राहिल्यावर शेवटी "आता स्टिअरिंग कुठेतरी जोडून टाकू". स्टिअरिंग असं जोडून टाकता येत नाही हो. त्यात दोन-चार बिंदू असतात, ते कुठे आहेत यावर सगळं ठरतं, आणि ते बिंदू कुठे असावेत हे मागचा एक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा दांडा, ठरवतो. पुढची चाकं कशी वळणार हे मागच्या एक्सलला विचारायचं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही विचित्रच वाटलेलं.

आधी सगळ्यात साधा प्रकार बघू. एक फळी, तिच्या दोन टोकांना चाकं, मधोमध एक बोल्ट आणि फळीच्या टोकांना दोरी. दोरी ओढली की अख्खी फळी फिरते. लहान मुलांच्या उतारावरच्या गाडीला हे ठीक आहे आणि गंमत म्हणजे वळणाची भूमिती यात आपोआप बरोबर येते. पण एक चाक दगडावर आदळलं की तो धक्का मधल्या बोल्टपासून किती लांब बसतो? फळी ८० सेंमीची असेल तर ४० सेंमी. म्हणजे ४० सेंमीच्या पान्याने कोणीतरी तुमचं स्टिअरिंग हिसकल्यासारखं. शिवाय फळी खूप फिरली की पुढची दोन्ही चाकं गाडीच्या मधल्या रेषेकडे येतात, आधार अरुंद होतो आणि गाडी कलंडते. घोडागाड्यांमध्येही पूर्वी हेच असायचं, पुढचा अख्खा एक्सल मधल्या खिळ्यावर फिरायचा.

त्यावर उपाय म्हणजे एक्सल जागेवर घट्ट ठेवायचा आणि फक्त चाकं आपापल्या टोकाशी फिरवायची. एरॅस्मस डार्विन, म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विनचे आजोबा, यांनी १८ व्या शतकातच स्वतःच्या गाडीसाठी असं काहीतरी केलं होतं. नंतर म्युनिकचा गाड्या बनवणारा गेऑर्ग लँकेनस्पेर्गर याने ते नीट बसवलं आणि त्याचा लंडनमधला एजंट रुडॉल्फ अकरमन याने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. डोकं लँकेनस्पेर्गरचं आणि नाव चिकटलं अकरमनचं. आजही सगळे "अकरमन अँगल" म्हणतात, एजंट लोकांचं नशीब.

चाक ज्या उभ्या खिळ्याभोवती फिरतं तो किंगपिन. चाकाचा मधला भाग किंगपिनपासून बहुतेक ८-१० सेंमीवरच असतो, त्यामुळे तोच दगडाचा धक्का आता ४० ऐवजी १० सेंमीच्या पान्याने बसतो. हात वाचले. पण फळीने जी भूमिती फुकटात दिली होती ती आता गेली, ती आपल्याला परत कमवायची आहे.

कुठलीही गाडी वळते तेव्हा ती कुठल्यातरी एका बिंदूभोवती गोल फिरत असते. मागची चाकं वळत नाहीत, ती सरळच बघतात, म्हणून तो बिंदू मागच्या एक्सलच्या रेषेवरच कुठेतरी असायला हवा, डाव्या किंवा उजव्या बाजूला, लांबवलेल्या रेषेवर. आता पुढचं प्रत्येक चाक न घासता फिरायचं असेल तर त्याचा स्वतःचा छोटा एक्सल, ज्याला स्टब एक्सल म्हणतात, तो त्याच बिंदूकडे बघत असला पाहिजे. आतल्या बाजूचं चाक बिंदूच्या जवळ असतं म्हणून त्याला जास्त वळावं लागतं, बाहेरचं लांब असतं म्हणून कमी. दोन्ही सारखीच वळवली तर एक चाक म्हणतं इकडे आणि दुसरं म्हणतं तिकडे, आणि त्यांच्या भांडणात टायर घासतो, गाडी जड होते, वळणात अडखळत अडखळत जाते.

आकड्यात बघू म्हणजे पटेल. समजा पुढचे किंगपिन एकमेकांपासून ८०० मिमीवर आहेत आणि पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, १००० मिमी. घरगुती कार्टला ही मापं ठीकठाक आहेत. आतलं चाक ३० अंश वळवलं तर बाहेरच्याने किती वळायचं? नियम एवढाच आहे की बाहेरच्या कोनाचा कोटँजंट वजा आतल्या कोनाचा कोटँजंट बरोबर किंगपिनमधलं अंतर भागिले व्हीलबेस. ३० चा कोटँजंट १.७३२, त्यात ०.८ मिळवले की २.५३२, आणि त्याचा कोन येतो साधारण २१.५ अंश. म्हणजे साडेआठ अंशांचा फरक! मला आधी वाटलेलं की फरक असेल एखाद-दुसऱ्या अंशाचा, कोणाला कळणार. मोठ्या कारमध्ये एवढा जाणवत नाही कारण रोजच्या बऱ्याचशा वळणांत चाकं थोडीच वळतात, पण कार्ट लहान, तिची वळणं तीव्र, तिथे हा फरक चांगलाच बाहेर येतो.

आणि ही कार्ट किती जागेत वळेल? फिरण्याचा बिंदू आतल्या किंगपिनच्या सरळ रेषेपासून १७३२ मिमीवर, म्हणजे कार्टच्या मधल्या रेषेपासून २१३२ मिमीवर. बाहेरचा किंगपिन २.७ मीटरच्या त्रिज्येत फिरतो, चाक त्याच्याही थोडं बाहेरून. अर्धवर्तुळ मारायला साडेपाच-सहा मीटर रुंद जागा हवी हे इथेच कळलं. कमी जागा असेल तर चाकं जास्त वळवायची किंवा व्हीलबेस कमी करायचा, आणि हे आत्ताच ठरवायचं, पाइप कापल्यावर नाही.

कोटँजंट नको असेल तर खडू घ्या. खरंच, मी आता आकडेमोड नंतर करतो आणि खडू आधी घेतो. मोकळ्या फरशीवर पूर्ण मापात मागच्या एक्सलची रेषा आखायची, तिच्याशी गुण्या लावून मधली रेषा, पुढे १००० मिमीवर दोन किंगपिनचे ठिपके. मग मागची रेषा एका बाजूला लांब ओढायची, तिच्यावर हवा तिथे फिरण्याचा बिंदू धरायचा, तिथे एखादं वजन ठेवून दोरा बांधायचा आणि तो दोरा एकदा या किंगपिनपर्यंत ताणायचा, एकदा त्या. दोऱ्याच्या दोन दिशा म्हणजे दोन स्टब एक्सलच्या दिशा. कोनमापक ठेवून वाचा. मी जमिनीवर बसून हे पहिल्यांदा केलं तेव्हा दहा मिनिटांत जे समजलं ते त्याआधी चार दिवस स्क्रीनवर बघून समजलं नव्हतं.

आता दोन चाकं वेगवेगळी वळायला हवीत पण व्हील तर एकच, मग हे करायचं कसं? इथे स्टिअरिंग आर्म येतो. प्रत्येक स्टब एक्सलला एक छोटी पट्टी वेल्ड केलेली असते, तिच्या टोकाला टाय रॉड, म्हणजे चाकं वळवणारा आडवा दांडा, जोडतो. या पट्ट्या सरळ मागे, एकमेकींना समांतर ठेवल्या तर दोन्ही चाकं सारखीच वळतात. पण त्या थोड्या आत झुकवल्या की चार बिंदूंचा, म्हणजे दोन किंगपिन आणि दोन आर्मची टोकं, यांचा एक वरती रुंद खाली अरुंद असा समलंब चौकोन होतो, आणि तो फिरवला की आतलं चाक आपोआप जास्त वळतं. किती झुकवायचं? किंगपिनपासून मागच्या एक्सलच्या मधोमध एक रेषा ओढायची आणि आर्म त्या रेषेवर ठेवायचा, बास. आपल्या मापात हा कोन येतो २१.८ अंश, म्हणजे आर्म १०० मिमी लांब असेल तर त्याचं भोक किंगपिनपासून सुमारे ९३ मिमी मागे आणि ३७ मिमी आत. बघा, परत मागचा एक्सलच.

हा नियम सगळीकडे सांगतात आणि इथेच थांबतात, जणू यातून अकरमन, म्हणजे आतल्या-बाहेरच्या चाकांच्या कोनांमधला हवा तो फरक, अगदी तंतोतंत मिळतो. मिळत नाही. वरच्या मापांचा समलंब चौकोन मी मांडून बघितला, आतलं चाक ३० अंशांवर नेलं की बाहेरचं २१.५ वर नाही तर साडेतेवीसच्या थोडं पुढे जातं. म्हणजे दोन अंश कमी पडतात. चालतं का? चालतं. टायर रबराचा आहे, दोन अंश तो सहन करतो, आणि समांतर आर्मच्या साडेआठ अंशांपेक्षा हे केव्हाही बरं. पण "नियम पाळला म्हणजे अचूक" असं डोक्यात ठेवू नका, आणि आर्मचा कोन अर्धा-एक अंश इकडेतिकडे झाला म्हणून परत कापाकापी करत बसू नका.

हे तपासायला पुठ्ठा उत्तम. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आर्म म्हणून, एक लांब पट्टी टाय रॉड म्हणून, सगळं बोर्ड पिनने टोचायचं, किंगपिनच्या जागी पिन खाली प्लायमध्ये घट्ट आणि बाकीच्या पिना नुसत्या पुठ्ठ्यातून मोकळ्या. पाव मापात केलं तरी चालेल. एक आर्म फिरवा, दुसरा बघा. भोक जरा जरी सैल झालं तरी आकडा हलतो, आणि तेव्हाच लक्षात येतं की खऱ्या गाडीत सांध्यातला एक मिलीमीटरचा प्ले, म्हणजे सैलपणा, किती महाग पडेल.

कार्टमध्ये मात्र एक सलग टाय रॉड नसतो, दोन असतात. स्टिअरिंग कॉलमच्या, म्हणजे व्हीलच्या दांड्याच्या, खालच्या टोकाला एक छोटी प्लेट वेल्ड करतात, तिला पिटमन आर्म म्हणायचं, तिच्यात दोन भोकं, एकातून डाव्या चाकाला रॉड आणि दुसऱ्यातून उजव्या. व्हील फिरवलं की ही प्लेट घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवी झुलते.

आणि इथे माझी चूक. व्हील डावीकडे फिरवलं की व्हीलचा वरचा भाग डावीकडे जातो पण खालचा उजवीकडे. म्हणजे कॉलमखाली लोंबणारी प्लेटही उजवीकडे जाते. आता स्टिअरिंग आर्म किंगपिनच्या मागे असतील तर आर्मचं टोक उजवीकडे गेल्यावर चाकाचं तोंड डावीकडे वळतं, छान. पण आमच्या फ्रेममध्ये मागे जागा नव्हती, पाय येत होते, म्हणून आम्ही आर्म पुढे काढले आणि प्लेट तशीच खाली लोंबती ठेवली. झालं उलटं. तर लक्षात ठेवायचं ते एवढंच, आर्म मागे तर प्लेट खाली, आर्म पुढे तर प्लेट वर. आर्म पुढे काढायचे असतील तर अजून एक भानगड, झुकाव मग आत नाही तर बाहेर द्यावा लागतो, कारण मागच्या एक्सलच्या मध्यापासून येणारी रेषा किंगपिनच्या पुढे गेली की बाहेर पसरते, आणि बाहेर तर चाक असतं. आर्मचं टोक रिमला घासणार की नाही हे चाक पूर्ण वळवून बघावं लागतं. म्हणून जमेल तिथे आर्म मागेच ठेवा.

प्लेटची लांबी म्हणजे कॉलमच्या मध्यापासून भोकापर्यंतचं अंतर, आणि स्टिअरिंग हलकं की चपळ हे ती ठरवते. आपल्या मापात आतलं चाक ३० अंश न्यायला टाय रॉड साधारण ४१ मिमी आडवा सरकावा लागतो. प्लेट ६० मिमीची असेल तर त्यासाठी व्हील ४३ अंश फिरेल, ५० मिमीची असेल तर ५५ अंश. प्लेट छोटी केली की हात जास्त फिरतो पण जोर कमी लागतो. कारसारखे व्हीलचे दोन-तीन फेरे इथे नसतातच, हात व्हीलवरून न उचलता पूर्ण वळण घेता आलं पाहिजे. मला ५०-५५ मिमी बरी वाटते. ६० च्या पुढे गेलं की सरळ रस्त्यावर शिंक आली तरी कार्ट लेन बदलते. प्लेटला दोन-दोन भोकांच्या जोड्या पाडून ठेवल्या तर नंतर बदलता येतं, त्यासाठी दोन मिनिटांचं जास्तीचं ड्रिलिंग.

प्लेटची भोकं आर्मच्या टोकांच्या अगदी बरोबरीच्या रेषेत असायलाच हवीत असं नाही, आणि ती पुढे-मागे केली की अकरमन बदलतो. सपाट पुठ्ठ्यावर ती भोकं आर्मच्या टोकांपेक्षा ४० मिमी मागे नेली तर बाहेरचं चाक साडेतेवीसवरून २२ च्या जवळ येतं, म्हणजे हिशोबाच्या आकड्याला जवळपास टेकतं. मी हे बघून भयंकर खूश झालो होतो. पण खरा कॉलम तिरका असतो, त्यामुळे प्लेट झुलताना तिचं टोक थोडं वर आणि थोडं पुढे सरकतं, आणि हा फायदा बऱ्याच अंशी परत जातो. म्हणून शेवटचं मोजमाप गाडीवरच, नुसते टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारलेल्या अवस्थेत, पूर्ण वेल्ड करायच्या आधी.

यातली एक गोष्ट गंभीर आहे. टाय रॉड आणि आर्म वळता वळता एका सरळ रेषेत आले, किंवा टाय रॉड आणि प्लेट एका रेषेत आली, की लिंकेज, म्हणजे ही सगळी जोडणी, अडकतं किंवा पलटी मारून दुसऱ्याच बाजूला जातं. मग व्हील परत फिरवलं तरी चाक सरळ होत नाही, वळलेलं ते वळलेलंच. प्लेट सरळ खाली लोंबत असेल तर व्हील ९० अंशांच्या आसपास गेलं की ही वेळ येते. म्हणून स्टॉपर हवाच. स्टब एक्सलच्या ब्रॅकेटला एक छोटा तुकडा वेल्ड करा म्हणजे चाक ठरलेल्या कोनापुढे जाणारच नाही, आणि स्टॉपर चाकापाशी ठेवा, कॉलमपाशी नको, कारण कॉलमला अडवलं तर वळणात बसणारा सगळा धक्का टाय रॉड आणि सांध्यांवर येतो.

आता मागच्या एक्सलचा दुसरा त्रास. बहुतेक कार्टना डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसलेली. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, वरच्या उदाहरणात मागची चाकं एकमेकांपासून १ मीटरवर असतील तर बाहेरचं चाक आतल्याच्या दीडपटीहून जास्त चालतं, पण दांडा एकच असल्याने दोन्ही सारखीच फिरणार. मग काय होतं, मागची चाकं कार्टला सरळ ढकलत राहतात आणि पुढची चाकं वळलेली असूनही कार्ट नाकासमोर जाते. तुम्ही म्हणता स्टिअरिंग खराब आहे, स्टिअरिंग बिचारं ठीक असतं.

रेसिंग कार्टवाल्यांनी यावर जे केलंय ते मला फार आवडतं. ते वळणात मागचं आतलं चाक जमिनीवरून किंचित उचलतात, आणि उचलायचं काम पुढच्या स्टिअरिंगकडून करून घेतात. किंगपिन उभा न ठेवता त्याचं वरचं टोक मागे झुकवायचं, याला कॅस्टर म्हणतात. असा झुकलेला किंगपिन असला की चाक वळताना नुसतं वळत नाही, आतलं चाक फ्रेमच्या मानाने खाली जातं आणि बाहेरचं वर. कॅस्टर १२ अंश, चाक किंगपिनपासून १०० मिमीवर आणि वळण ३० अंश असेल तर आतलं चाक सुमारे १० मिमी खाली जातं. खाली जमीन आहे, म्हणजे फ्रेमचा तो कोपरा वर उचलला जातो, आणि डगमगणाऱ्या चार पायांच्या टेबलासारखं समोरच्या तिरक्या कोपऱ्यावर वजन जातं, मागचं आतलं चाक हलकं होतं किंवा सुटतं. सायकलच्या पुढच्या फोर्कसारखं व्हील आपोआप सरळ व्हायलाही कॅस्टरच मदत करतो.

घरी बनवताना १० ते १२ अंश पुरे. मोजायची सोपी पद्धत अशी की किंगपिन धरणाऱ्या सी आकाराच्या ब्रॅकेटच्या वरच्या भोकातून ओळंबा सोडायचा, १०० मिमी खाली आल्यावर खालचं भोक ओळंब्याच्या २१ मिमी पुढे असलं की १२ अंश झाले. दोन्ही बाजूंना सारखं हवं, यात हयगय नको, एका बाजूला २१ आणि दुसऱ्या बाजूला १५ असेल तर कार्ट कायम एका बाजूला ओढत राहते आणि तुम्ही टाय रॉड फिरवून फिरवून थकता. फार जास्त कॅस्टर दिला तर व्हील जड होतं, लहान मुलाला झेपत नाही. आणि कार्ट मुलांसाठीच असेल तर सरळ मागचं एकच चाक इंजिनला जोडा, दुसरं बेअरिंगवर मोकळं सोडा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

सस्पेन्शन नसल्याचा मात्र एक मोठा फायदा आहे. कारमध्ये चाक वर-खाली झालं की टाय रॉड ते नकळत वळवतो, त्याचा वेगळा हिशोब करावा लागतो. आपल्याकडे चाक फ्रेमच्या मानाने वर-खाली होतच नाही, ती कटकट नाही.

नट-बोल्टबद्दल मी थोडा हट्टी आहे. टाय रॉडच्या टोकांना रॉड एंड लावा, म्हणजे आत गोळा असलेला सांधा, ८ मिमीचा. नुसत्या बोल्टवर चपटी पट्टी फिरवायची जी पद्धत दिसते ती थोड्याच दिवसांत खिळखिळी होते, आणि कॉलम तिरका असल्यामुळे पट्टीला पीळही बसतो. रॉड एंडलाही मर्यादा आहे, गोळा साधारण बारा-पंधरा अंशांपर्यंतच कलतो, त्यापुढे गोळ्याभोवतीच्या घराची कडा बोल्टला टेकते आणि आटे वाकायला लागतात. म्हणून दोन्ही टोकांना चाक पूर्ण वळवून, खाली वाकून, डोळ्यांनी बघा की काही टेकतंय का. रॉड एंड टाय रॉडच्या नळीत किमान १२ मिमी आत गेलेला असावा. त्यावर गोळ्यापेक्षा मोठा वॉशर टाका, म्हणजे उद्या गोळा निसटला तरी रॉड बोल्टवरून सुटून पडणार नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचा, म्हणजे मजबूत प्रतीचा, नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, सहजी सैल न होणारा, आणि शक्य असेल तिथे रॉड एंड दोन पट्ट्यांच्या मध्ये पकडलेला, एका बाजूला लोंबकळणारा नको. आणि कृपा करून रॉड एंडला किंवा बोल्टच्या डोक्याला वेल्डिंग करू नका, कडक केलेलं लोखंड तापवलं की ते आतून काय होतं ते बाहेरून दिसत नाही, तुटतं तेव्हाच कळतं.

किंगपिनमध्ये बोल्टचा गुळगुळीत भाग बुशमध्ये, म्हणजे तो ज्या नळकांडीत फिरतो तिच्यात, बसला पाहिजे, आटे नाही. आटे बुशला कानस मारल्यासारखे खातात. कॉलमला दोन ठिकाणी आधार हवा, एक खाली आणि एक व्हीलच्या जवळ, आणि खालच्या आधारापाशी एक कॉलर, नाहीतर पुढून धडक बसली तर कॉलम वर सरकून छातीत येतो. व्हीलचा हब, म्हणजे मधला भाग, कॉलमवर नुसता आवळून बसवू नका, आरपार बोल्ट टाका.

शेवटी टो. म्हणजे कार्ट सरळ असताना पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर आहेत, की पुढून थोडी बाहेर बघतायत, की आत. दोन्ही टायरवर मधोमध खडूची रेघ मारायची, पुढच्या बाजूने रेघेपासून रेघेपर्यंत अंतर मोजायचं, मग मागच्या बाजूने, दोन्ही वेळा एक्सलच्याच उंचीवर. सुरुवात दोन्ही अंतरं सारखी ठेवून करा, पुढून १-२ मिमी जास्त असेल तर कार्ट वळायला पटकन तयार होते, फार जास्त केलं तर टायरची आतली कड खाल्ली जाते. मोजताना चालवणारा माणूस सीटवर बसलेला हवा, कारण वजन पडल्यावर फ्रेम लवते आणि आकडा बदलतो. आम्ही रिकाम्या कार्टचा टो दोनदा अगदी बिनचूक सेट केला होता आणि दोन्ही वेळा भाऊ बसल्यावर तो बिघडला, तिसऱ्यांदा त्यालाच बसवून ठेवलं.

टाय रॉडच्या एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे ठेवले तर रॉड न काढता नुसती नळी फिरवून लांबी बदलते. ८ मिमीच्या बोल्टचे आटे १.२५ मिमीचे, म्हणजे दोन्ही टोकं मिळून एका फेऱ्यात लांबी २.५ मिमी बदलते, आणि २५० मिमी व्यासाच्या चाकावर तो फरक साडेसहा मिमीच्या आसपास होतो. म्हणून पाव पाव फेरा फिरवायचा आणि परत मोजायचं. दोन्ही बाजूंच्या नळ्या सारख्याच फिरवा, नाहीतर टो बरोबर येतो पण व्हील सरळ रस्त्यावर तिरकं दिसतं.

मग चेक नट, म्हणजे नळी आपोआप फिरू नये म्हणून तिच्या टोकाशी आवळायचे नट, घट्ट करायचे, पुढची चाकं स्टँडवर उचलायची, एकाने व्हील घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने चाक हाताने हलवून बघायचं की किती हलतंय. मग पेंटचा ब्रश घेऊन प्रत्येक चेक नटवरून शेजारच्या नळीवर जाईल अशी एक बारीक रेघ ओढायची. पुढच्या वेळी कार्ट काढताना खाली वाकून तेवढी रेघ बघायची, ती तुटलेली दिसली म्हणजे नट फिरलाय.